तोच ई. कोलाय, तीच पद्धत, तरी जेलवर दर वेळी वेगळे बँड: ओएमपी काढताना गडबड कुठं होते?

जानेवारीत ओएमपी (जिवाणूच्या बाह्यपटलातली प्रथिनं) काढले, जेल सुरेख आला. ३५ ते ३८ किलोडाल्टनच्या दरम्यान दोन-तीन ठळक बँड, बाकी लेन स्वच्छ. एप्रिलमध्ये तोच स्ट्रेन, तोच प्रोटोकॉल समोर ठेवून पुन्हा काढले, तर एक बँड नको तितका जाड, दुसरा जवळपास गायब, ४३ च्या आसपास एक नवाच पाहुणा आणि खाली धुरकट ओघळ. विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचा प्रोजेक्ट करणारी पोरं दर उन्हाळ्यात ही तक्रार घेऊन येतात. बहुतेकांचा संशय एकाच डबीवर असतो: सार्कोसिल (आतलं पटल विरघळवणारं डिटर्जंट) खराब झालंय. मग नवी डबी मागवतात, ती येईपर्यंत सबमिशनची तारीख जवळ येते, आणि नव्या डबीनंही तेच.

माझं मत असं की सार्कोसिल क्वचितच दोषी असतं. गडबड बहुधा ते घालायच्या आधीच होऊन गेलेली असते: इन्क्युबेटरमध्ये, पाण्यात, पेशी फोडताना. सार्कोसिल फक्त ती उघडी पाडतं.

आणि हा नुसता सुबक जेलचा प्रश्न नाही. आजकाल अर्धेअधिक प्रोजेक्ट अँटिबायोटिक प्रतिकारावर असतात. विहिरीच्या पाण्यातले, पोल्ट्रीतले, दवाखान्यातले आयसोलेट (वेगळे काढलेले जिवाणू) घ्यायचे आणि त्यांचे पोरिन, म्हणजे बाह्यपटलात छिद्रं बनवणारे ओएमपी, बघायचे. एखाद्या आयसोलेटमध्ये ओएमपी-एफ दिसला नाही की थेट लिहून मोकळे: 'पोरिन गमावल्यामुळे औषध आत शिरत नाही.' पण संवेदनशील कंट्रोल स्ट्रेन जानेवारीत वाढवलेला आणि प्रतिकारक आयसोलेट एप्रिलमध्ये, तर तुम्ही दोन जिवाणूंची नव्हे, दोन ऋतूंची तुलना केलेली असते.

आधी जेल नीट वाचा

काहीही बदलण्याआधी एक साधी तपासणी करा. एकाच नमुन्याचे दोन भाग करा. एक भाग सँपल बफरमध्ये १०० अंशांवर ५ मिनिटं उकळा, दुसरा न उकळता तसाच ठेवा. दोन्ही शेजारच्या लेनमध्ये चालवा. बाह्यपटलातली प्रथिनं बीटा-बॅरलच्या घडणीची असतात आणि एसडीएस या डिटर्जंटमध्येसुद्धा न तापवता सहज उलगडत नाहीत. त्यामुळे ओएमपी-ए उकळलेल्या लेनमध्ये ३५ किलोडाल्टनच्या आसपास दिसतं, तर न उकळलेल्या लेनमध्ये खाली, २८ ते ३० च्या जागी. ओएमपी-सी आणि ओएमपी-एफ तर न उकळता त्रिकूट म्हणूनच चालतात आणि बरेच वर, ६० च्या पुढे अडकतात. ही उडी दिसली तर तुमच्या नळीत खरोखर बाह्यपटल आहे. जे बँड दोन्ही लेनमध्ये जागचे हलत नाहीत, त्यांच्याकडे संशयानं बघा. या एका जेलनं अर्धी भांडणं मिटतात, आणि तरीही हे कुणी करत नाही, कारण प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, साध्या १२ टक्के जेलवर ओएमपी-सी आणि ओएमपी-एफ नीट वेगळे होत नाहीत. दोघांचं वजन ३६ ते ३८ च्या आतच. ते वेगळे पाहायचे तर वेगळं करणाऱ्या जेलमध्ये युरिया घालावा लागतो. युरियाशिवायच्या जेलवर 'ओएमपी-एफ नाही' हे विधान करता येत नाही.

तिसरी, कंट्रोल कोणता घेतलाय ते तपासा. बीएल२१ हा स्ट्रेन सगळ्यांच्या फ्रीजरमध्ये असतो, म्हणून तोच कंट्रोल म्हणून वापरला जातो. पण तो ई. कोलाय बी या वंशातला, आणि या वंशात ओएमपी-सी बनतच नाही. त्याच्या शेजारी पोल्ट्रीचा आयसोलेट चालवून 'यात एक बँड जास्त आहे' म्हणणं निरर्थक. कंट्रोल के-१२ वंशातला घ्या.

इन्क्युबेटर ३७ दाखवतो, कल्चर ४१ वर असतं

विदर्भातल्या लॅबपुरतं बोलायचं तर सगळ्यात मोठा गुन्हेगार हा. साध्या इन्क्युबेटरला फक्त हीटर असतो. तो तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीच ४२-४३ अंशांवर गेली की हीटर कायमचा बंद राहतो आणि आतलं तापमान खोलीच्या मागं मागं जातं. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नेहमीचं. पत्र्याखालच्या नाहीतर वरच्या मजल्यावरच्या लॅबचं काय होत असेल ते सांगायला नको. आमच्याकडचे लॅबवाले भाऊ हे कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट सांगतात: "सर, मशीन तं सदतीसच दाखवते, पण आत हात घातला तं चटकाच बसते जी." डिस्प्लेवर आकडा कुठला दिसतो, ठरवलेला की प्रत्यक्षातला, हेही मशीन-मशीनवर अवलंबून असतं.

हे ओएमपीला एवढं का लागतं? ई. कोलाय ओएमपी-एफ आणि ओएमपी-सी यांचं प्रमाण परिस्थिती बघून ठरवतो. माध्यमात क्षार कमी आणि तापमान कमी असलं की एफ जास्त. क्षार वाढले किंवा तापमान चढलं की एफ खाली आणि सी वर. एन्व्ह-झेड आणि ओएमपी-आर ही प्रथिनांची जोडी क्षारांची खबर ठेवते. तापमान वाढल्यावर एफ दाबण्यात मिक-एफ नावाच्या छोट्या आरएनएचा हात असतो. हा आरएनए १९८४ मध्ये सापडला आणि ओएमपी-एफच्या संदेशाला चिकटून त्यापासून प्रथिन बनू देत नाही. म्हणजे तुमचा जिवाणू बिघडलेला नाही. तो उन्हाळा ओळखतो आहे.

तपासायचं कसं? १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये पाणी भरून इन्क्युबेटरमध्ये मधल्या शेल्फवर ठेवा, त्यात काचेचा थर्मामीटर बुडवा, आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास वाचा. सकाळी दहाला वाचलेला आकडा कामाचा नाही. उत्तर ३९ च्या वर आलं तर तो इन्क्युबेटर या कामासाठी उन्हाळ्यात बाद.

उपाय तसे महाग नाहीत. बीओडी इन्क्युबेटरमध्ये कॉम्प्रेसर असतो, तो थंडही करतो. बहुतेक मायक्रोबायोलॉजी विभागात तो फंगसच्या प्लेटा ठेवायला पडून असतो. त्यात शेकर मावत नसेल तर छोटे फ्लास्क घ्या आणि ठरावीक वेळानं हातानं हलवा. फक्त मग सगळेच नमुने तसेच वाढवा, एक शेकरवर आणि एक स्थिर असं नको. बीओडी नसेल तर वाढ रात्री करा. रात्री नऊला इनॉक्युलेट केलं तर पहाटेपर्यंत खोली बहुधा ३७ च्या खाली असते आणि साधा इन्क्युबेटरही आपलं काम करतो. लॅबला कूलर लावता येत असेल तर लावा. पण कूलरच्या ओल्या हवेत अमोनियम परसल्फेट पाणी धरतं आणि जेल नीट गोठत नाही. तेव्हा ती बाटली कूलरच्या खोलीत उघडी ठेवू नका आणि द्रावण ताजंच बनवा.

कुठल्या टप्प्यावर कल्चर उचलायचं हेही ठरवून घ्या. 'ओव्हरनाइट' म्हणजे कुणाचे १२ तास, कुणाचे १८. तापमान वेगळं असलं की वाढही वेगळी, त्यामुळे घड्याळ सोडा आणि ६०० नॅनोमीटरवरचा ओडी (कल्चरचा गढूळपणा) बघून उचला. एक आकडा ठरवा, ०.८ म्हणा, आणि प्रत्येक नमुना त्याच आकड्याला बाहेर काढा.

खारपाणपट्ट्यातलं पाणी

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांच्या मोठ्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. या पट्ट्यात बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) १,००० पीपीएमच्या पुढं जाणं नवलाचं नाही. आता हिशेब बघा. २,००० पीपीएमचं पाणी म्हणजे लिटरला दोन ग्रॅम क्षार. एलबी माध्यमाचे तीन प्रकार चालतात: मिलरमध्ये लिटरला १० ग्रॅम मीठ, लेनॉक्समध्ये ५, आणि लुरिया नावाच्या प्रकारात फक्त ०.५ ग्रॅम. ओएमपी-एफ दिसावा म्हणून तुम्ही मुद्दाम कमी मिठाचं माध्यम निवडलं आणि ते बोअरच्या पाण्यात बनवलं, तर मिठाचा सगळा बेत पाण्यातच बुडाला.

"आम्ही डिस्टिल्ड वॉटरच वापरतो" हे उत्तर मला पुरत नाही. खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या डिस्टिलेशन युनिटच्या कॉइलवर जाड पांढरा थर चढतो, पाणी उसळून थेंब पुढं जातात आणि बाटलीत डिस्टिल्डच्या नावाखाली भलतंच जमा होतं. वॉटर फिल्टरवाले ज्या पेनसारख्या मीटरनं टीडीएस मोजतात, तो घ्या आणि रोजच्या बाटलीत बुडवा. चांगल्या डिस्टिल्ड पाण्याचं रीडिंग दोन-चार पीपीएमच्या आत असायला हवं. तीस-चाळीस दिसलं तर आधी युनिट डिस्केल करा, ओएमपीचं नंतर बघू.

तयार माध्यमाची डबी बदलली असेल तर तिच्या मागचा मजकूरही वाचा. पुरवठादाराकडे लेनॉक्स संपलं की तो मिलर पाठवतो, बिलावर दोन्हीकडे 'एलबी ब्रॉथ' एवढंच असतं, आणि सहा महिन्यांनी पोरिनचं प्रमाण का बदललं याचा शोध सुरू होतो.

पाण्यातल्या मॅग्नेशियमचा दुसरा त्रास पुढे सार्कोसिलच्या पायरीवर भेटतो. त्याकडे येतोच.

पेशी फोडणं

इथं दोन उलट चुका होतात. पहिली म्हणजे कमी फोडणं. अखंड पेशी राहिल्या की त्या पुढं गाळात जातात आणि सायटोप्लाझममधली सगळी प्रथिनं तुमच्या 'ओएमपी'त येतात. लेन खच्चून भरलेली, पन्नास बँड, कुठलाच ठळक नाही. सोनिकेशननंतर गढूळपणा स्पष्ट कमी व्हायला हवा. खात्रीसाठी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा, दोन मिनिटांचं काम आहे. त्यानंतर ५,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ५,००० पट जोरानं) १० मिनिटं फिरवून न फुटलेल्या पेशी टाकून द्या आणि वरचं द्रव पुढं न्या. हा टप्पा वेळ वाचवायला गाळला जातो. गाळू नका.

दुसरी चूक जास्त फोडण्याची. सोनिकेटर सलग चालवला की नमुना तापतो, फेस येतो, आणि पटलाचे इतके बारीक कण होतात की ते आपल्या सेंट्रिफ्यूजवर खाली बसतच नाहीत. मग बँड स्वच्छ पण इतके फिकट की फोटोत दिसत नाहीत. ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, आणि नळी सतत बर्फात. उन्हाळ्यात बर्फ ही लॅबची खरी अडचण असते. फ्रीजमधल्या ट्रेचा बर्फ दुसऱ्या नमुन्यापर्यंत वितळतो. तालुक्याच्या बर्फ कारखान्यातून लादीचा तुकडा थर्मोकोलच्या पेटीत आणणं सगळ्यात सोयीचं.

फोडल्यावर द्रव भिजवलेल्या जवसासारखं तार धरत असेल तर डीएनए मोकळा झालाय. अशा चिकट द्रवातून काहीच नीट खाली बसत नाही. डीएनेज घाला आणि थोडा वेळ थांबा. डीएनेजला मॅग्नेशियम लागतं, ते जेमतेम घाला. आणि लक्षात असू द्या की डीएनेज हेही प्रथिनच आहे, त्याचा बँड ३१ किलोडाल्टनच्या आसपास येऊ शकतो.

सोनिकेटरच नसेल तर लायसोझाइम आणि ईडीटीए वापरतात. चालतं, पण दोन अटींवर. लायसोझाइमचा बँड १४ च्या जागी दिसेल, त्याला नवीन ओएमपी समजून आनंदू नका. आणि ईडीटीए बाह्यपटलातल्या एलपीएसला (लिपोपॉलिसॅकराइडला) धरून ठेवणारे धन आयन ओढून घेतं, त्यामुळे एलपीएसचा मोठा भाग सुटून जातो. पटलच ढिलं झालेलं असतं. ज्यांना एलपीएससुद्धा मोजायचंय त्यांनी हा रस्ता टाळावा.

आरपीएम नव्हे, जी

बाह्यपटल वेगळं करण्याच्या बहुतेक जुन्या पद्धती अल्ट्रासेंट्रिफ्यूज गृहीत धरतात, १,००,००० जी, एक तास. १९७२ मध्ये ऑसबॉर्न आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेलाची दोन्ही पटलं साखरेच्या चढत्या घनतेत वेगळी केली. आतलं पटल १.१४ ते १.१६ घनतेला थांबतं, बाहेरचं १.२२ ला. शुद्धतेत आजही त्याला तोड नाही, पण तालुक्यात ते होणार नाही. १९७३ मध्ये फिलिप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सार्कोसिल आतलं पटल विरघळवतं आणि बाहेरचं सोडून देतं, आणि काम सोपं झालं. आपल्यासारख्यांच्या सर्वांत उपयोगाची ठरली ती १९८६ ची कार्लोन आणि सहकाऱ्यांची हिमोफिलसवरची पद्धत, कारण ती टेबलावरच्या मायक्रोसेंट्रिफ्यूजवर, १५,६०० जीला होते. आपल्याकडचे बरेचसे घरगुती प्रोटोकॉल याच पद्धतीची नातवंडं आहेत.

नक्कल होता होता १५,६०० जीचं कुठंतरी '१२,००० आरपीएम' झालं. आरपीएमला रोटरच्या त्रिज्येशिवाय अर्थ नाही. सूत्र असं: ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. १२,००० आरपीएमला ६ सेंटिमीटरचा रोटर सुमारे ९,६६० जी देतो, ८ सेंटिमीटरचा सुमारे १२,८८०. दोन्ही १५,६०० च्या खाली. पट्टी घेऊन रोटर मोजा. मशीनची ताकद कमी पडत असेल तर वेळ वाढवा, ३० मिनिटांऐवजी तासभर.

मशीन थंड करणारं नसेल तर मे महिन्यात तासभर फिरवल्यावर नळी हाताला कोमट लागते. तेव्हा हे काम पहाटे उरका.

गाळाविषयी एक सूचना. सार्कोसिलनंतरचा पेलेट काचेसारखा पारदर्शक असतो, पटकन दिसत नाही. फिरवण्याआधीच नळीची बाहेरची बाजू मार्करनं खूण करा, म्हणजे पेलेट कुठं असणार ते कळेल. किती ओएमपी बेसिनमध्ये गेले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आता सार्कोसिल

डबीवर काय लिहिलंय? पावडर की ३० टक्के द्रावण? दोन्ही मिळतात. द्रावणाच्या बाटलीतून १०० मिलीसाठी २ मिली घेऊन '२ टक्के' बनवणारे कमी नाहीत. प्रत्यक्षात ते ०.६ टक्के होतं. २ टक्के हवं तर ६.६७ मिली घ्यावं लागतं. आम्ही पटलाच्या निलंबनात तेवढंच २ टक्के सार्कोसिल मिसळतो, म्हणजे शेवटी १ टक्का राहतो, आणि अधूनमधून हलवत ३० मिनिटं ठेवतो.

पटल फार आणि सार्कोसिल थोडं असं झालं तर आतलं पटल पुरतं विरघळत नाही. म्हणून आधी प्रथिन मोजा. प्रथिन मोजायचं ब्रॅडफर्ड डिटर्जंटसमोर कोलमडतं, त्यामुळे ते सार्कोसिल घालण्याआधीच्या नमुन्यावर करा. सार्कोसिलनंतर मोजायचं तर बीसीए पद्धत, नाहीतर एसडीएस घातलेली लॉरी पद्धत, आणि ब्लँकमध्ये तोच बफर.

तापमानाबद्दल दोन्ही टोकं वाईट. एप्रिल-मेमध्ये 'रूम टेंपरेचर' म्हणून ४१ अंशांच्या टेबलावर ठेवलेला नमुना आणि डिसेंबरच्या पहाटे दहा-बारा अंशांत ठेवलेला नमुना सारखा कसा निघेल? भांड्यात पाणी घ्या, बर्फाचे तुकडे टाकून २५ वर आणा, नळ्या त्यात ठेवा. या पायरीला बर्फावर मात्र ठेवू नका. मॅग्नेशियम आणि सार्कोसिल थंडीत एकत्र आले की त्यांचे स्फटिक होतात आणि त्या स्फटिकांना पटल चिकटतं. आतलं, बाहेरचं सगळंच. एकेकाळी डीएनए आणि पटल पकडायला याच स्फटिकांचा मुद्दाम वापर व्हायचा. आपल्याला ते नको आहेत. नळीत पांढरी चमकदार कणी दिसली तर मॅग्नेशियम कुठून आलं ते शोधा: डीएनेजचा बफर, की तेच खारं पाणी.

काही जण सार्कोसिलऐवजी ट्रायटन एक्स-१०० वापरतात. तिथं नियम उलटा आहे. मॅग्नेशियम असेल तरच बाह्यपटल वाचतं, आणि ईडीटीए घातलं की तेही विरघळायला लागतं. हे श्नेटमन यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं. दोन प्रोटोकॉल एकत्र करून तिसरा बनवण्याची हौस असेल तर एवढं ध्यानात ठेवा.

नको असलेले बँड

४३ च्या जागचा तो पाहुणा बहुधा ईएफ-टीयू. सायटोप्लाझममधलं इतकं मुबलक प्रथिन की थोडं चिकटून येतंच. पटल सार्कोसिलआधी एकदा बफरनं धुवा, कमी होईल. ०.१ मोलर सोडियम कार्बोनेट, पीएच ११, बर्फावर तासभर, हे धुणं आणखी कडक आहे. चिकटलेली प्रथिनं निघून जातात. पण त्यानं आतलं पटल वेगळं होत नाही, म्हणून ते सार्कोसिलला पर्याय नाही.

५० च्या आसपासचा बँड फ्लॅजेलिनचा असू शकतो. आयसोलेटप्रमाणे त्याचं वजन बरंच बदलतं. गंमत अशी की ४२ अंशांच्या आसपास ई. कोलाय फ्लॅजेला फारसे बनवत नाही. म्हणजे जानेवारीतला हा बँड मे महिन्यात आपोआप नाहीसा होतो आणि पोरांना वाटतं की आपली पद्धत सुधारली.

७५ ते ८० दरम्यान दोन-तीन बँड एकदम उगवले तर जिवाणूला लोह कमी पडलंय. लोह ओढून आणणारी एफईपी-ए, एफएचयू-ए ही प्रथिनं त्याच भागात दिसतात. माध्यम बदललंय का ते बघा.

खालचा धुरकट ओघळ सिल्व्हर स्टेनमध्ये दिसतो आणि कूमासीत नाही, तर तो एलपीएस. त्याला घाबरू नका. कूमासीतही ओघळ असेल तर प्रथिनं तुटली आहेत, आणि तिथं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं कारण म्हणजे लाइन जाणं. दुपारी लाइन गेली, फ्रीजर चार तास बंद, रात्री पुन्हा गोठला. बाहेरून नळी तशीच दिसते. पीएमएसएफ (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना अडवणारं रसायन) घातलंय म्हणून निश्चिंत राहू नका. पाण्यात, पीएच ८ ला आणि २५ अंशांवर त्याची निम्मी ताकद साधारण ३५ मिनिटांत संपते, उन्हाळ्यात त्याहून लवकर. शिवाय बाह्यपटलात ओएमपी-टी नावाचं स्वतःचंच प्रथिन तोडणारं एन्झाइम बसलेलं असतं, आणि ते पीएमएसएफला जुमानत नाही. त्यामुळे जेलसाठीचा भाग काढल्या काढल्या सँपल बफरमध्ये उकळून टाका, मग गोठवा. उरलेला छोट्या नळ्यांत वाटून ठेवा, म्हणजे एकच नळी पुन्हा पुन्हा वितळणार नाही.

सँपल बफर घातल्याबरोबर पांढरा साका पडला तर पोटॅशियम शोधा. पोटॅशियम फॉस्फेट बफरमध्ये काम केलं असेल तर एसडीएसचं पोटॅशियम मीठ बनून खाली बसतं. सोडियमचा बफर घ्या.

एवढं करूनही बँड नसेल तर

इन्क्युबेटर तपासला, पाणी तपासलं, जी मोजला, कंट्रोल आणि आयसोलेट एकाच दिवशी, एकाच शेकरवर, एकाच ओडीला उचलले, आणि तरी आयसोलेटमध्ये एक पोरिन दिसत नाही. आता प्रश्न खरा झाला. पहिलं काम, तोच आयसोलेट कमी मिठाच्या माध्यमात ३० अंशांवर वाढवा. ओएमपी-एफला ही परिस्थिती मानवते. तिथं तो दिसला तर जीन शाबूत आहे, फक्त आधीच्या परिस्थितीत तो दाबलेला होता. तिथंही नाही दिसला तर युरियाच्या जेलवर, उकळून आणि न उकळता, पुन्हा बघा. त्यानंतर जीनचं पीसीआर करा. अपेक्षित लांबीचा तुकडा मिळाला तरी जीन चांगलाच आहे असं होत नाही, मध्ये एखादा बेस बदलून प्रथिन अर्धवट राहिलेलं असू शकतं, तेव्हा सिक्वेन्सिंगला पाठवा. तुकडा ठळकपणे मोठा आला तर मध्ये एखादा इन्सर्शन सिक्वेन्स (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) घुसलाय का ते पाहा. क्लेब्सिएला या जिवाणूत ओएमपी-के३५ आणि ओएमपी-के३६ या पोरिनच्या बाबतीत असं बरेचदा सापडतं.

आणि अँटिबायोटिकची चाचणी म्युलर-हिंटन माध्यमावर आणि ओएमपी एलबीत वाढवलेल्या पेशींचे, असं असेल तर दोन्हींची सांगड घालण्याआधी म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये वाढवलेल्या पेशींचेही ओएमपी एकदा काढून बघा.